ज्वारीच्या मोडापासून बिअरच्या माल्टपर्यंत: आमची वाटचाल

अकोट तालुक्यातल्या आमच्या गावात शेड उभी राहत होती तेव्हाच ‘दारूचा कारखाना निघतोय’ ही बातमी पारावर पोचली होती. आम्ही दारू गाळत नाही. ज्वारीला मोड आणतो, वाळवतो आणि तो माल्ट पुण्यातल्या दोन मायक्रोब्रुअरींना, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांना, देतो.

सुरुवात पुण्यातच झाली. भावाच्या ओळखीतल्या एका ब्रुअरने माझ्यापुढे तीन पेले ठेवले. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. मला वाटलं मसाला घातलाय. पण तो वास बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा. दुसरी बिअर पिल्सनर, सोनेरी. १८४२ साली आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहरात ती पहिल्यांदा झाली, तीही फिकट माल्टपासून. तिसऱ्या, काळ्या स्टाउट बिअरचा वास मात्र मी लगेच ओळखला: तव्यावर भाकरीला पडतो ना, तो करपट डाग! धान्य जितकं भाजावं, तितका रंग चढतो. मग ज्वारी का नाही, असं मी विचारलं. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची बिअर होते, दाट आणि आंबटसर, असं तो म्हणाला. मला आजीची आंबील आठवली.

पहिला लॉट वाया गेला. परतीच्या पावसात काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि तिसऱ्या दिवशी शेडभर बुरशीचा वास. दोन क्विंटल माल उकिरड्यावर. आई म्हणाली, “पेरायच्या आंधी पोत्यात शंभर दाने टाकून पाहतं ना बाबू, मंग हे काहून नाई पायलं?” तेव्हापासून ओल्या पोत्यात शंभर दाणे, नव्वदच्या खाली मोड आले तर माल परत.

मोड यायला बार्लीला, म्हणजे बिअरच्या नेहमीच्या धान्याला, गारवा लागतो, ज्वारीला २५ ते ३० अंश. आपल्याकडची हवा तिला मानवते, फक्त मे महिन्यात शेड बंद ठेवावी लागते. वाळल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून, सुपाने पाखडून काढायच्याच. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, त्याच सायनाइडचा धोका त्यात असतो. हे काम माझी बायको कुणावर सोडत नाही.

ब्रुअरची अडचण वेगळी. बार्लीचं टरफल गाळणीचं काम करतं, ज्वारीला ते नाही. त्यात तिचा स्टार्च शिजायला जास्त उष्णता लागते. पहिल्याच खेपेला टाकीची जाळी तुंबली. आता तो ज्वारी आधी वेगळी शिजवतो आणि बार्लीच्या माल्टसोबत तिसरा हिस्सा घालतो.

मागच्या डिसेंबरात त्याने त्या बिअरचा पेला पुढे केला. फिकट, हलकी, आणि घोट उतरल्यावर जिभेवर रेंगाळणारी हुरड्याची गोडी. आईला फोनवर सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, “ज्वारी दादर होती का हायब्रिड?”

दादर होती.