पीठ जुनं होतं

कॉलेजसाठी परभणीला आमच्याकडे राहायला आलेली पुतणी परवा पहिल्यांदाच भाकरी थापायला बसली. काटवटीतून उचलून तव्यावर टाकताना भाकरी मधोमध फाटली. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी म्हणाले, "फाटू दे माय. पीठ जुनं झालंय, त्याला तू काय करशील? उकळतं पाणी घालून मळ."

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकटाई मुळात नसतेच. अगदी 'परभणी मोती' वाणाची ज्वारी असली, तरी पीठ डब्यात फार दिवस राहिलं की काठाला चिरा पडतात. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि भाकरी धरून ठेवतो. आमच्या आजीला स्टार्च माहीत नव्हता, पाणी मात्र ती उकळूनच घ्यायची.

पोरीनं दुसरी भाकरी थापली. वाकडी, पण अखंड.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत मी नळाचंच पाणी घेतलं. डबा तोच. भाकरी फाटली आणि डोक्यात सुरू झालं, 'वीस वर्षं संसार केलास आणि साधी भाकरी येईना. काल ऑफिसातला तक्ताही चुकवलास.' तिथून मी दहावीच्या गणिताच्या पेपरापर्यंत जाऊन आले, तवा अजून नीट तापलाही नव्हता. काल पोरीला दिलेलं पिठाचं कारण मला आठवलंसुद्धा नाही.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली आत्मकरुणेची मांडणी केली. त्यात तीन गोष्टी येतात : स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे ध्यानात ठेवणं आणि मनात उठलेल्या कल्लोळात वाहून न जाता त्याच्याकडे बघणं. मला तिसरी सगळ्यात अवघड जाते. स्वतःला असं गोंजारलं तर आपण आळशी होऊ, ही भीतीही असतेच. पण मी समजूत काढली म्हणून पोरगी काही काटवट सोडून उठली नव्हती.

आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबच्या समर्थांनी मनाला २०५ श्लोक ऐकवले. कानउघाडणी भरपूर, पण हाक मारतात ती 'मना सज्जना' अशी. माझ्या मनाला मी रोज 'गाढवे' म्हणते.

फाटलेली भाकरी बाजूला ठेवली आणि जरा लाजतच, पण मोठ्यानं म्हणाले, "पीठ जुनं आहे माय."

आतून आवाज आला, "काकू, मला काही म्हणालात का?"

"नाही गं," म्हटलं आणि पाणी उकळायला ठेवलं.