हमीरचा धैवत आणि पाच-पाच मिनिटांच्या फाइली

"अगं, थांबलं बघ पुन्हा."

गेल्या हिवाळ्यात आईची ही हाक दिवसातून आठ-दहा वेळा यायची. मी स्वयंपाकघरात, हात कणकेत, आणि बाहेरच्या खोलीत बाबांनी गायलेला हमीर राग पाचव्या मिनिटाला गप्प. हात धुवायचे, कॉम्प्युटरपाशी जायचं, पुढच्या फाइलवर डबल-क्लिक करायचं आणि परत यायचं. दोन पोळ्या होत नाहीत तोवर पुन्हा हाक.

आई ८३ वर्षांची आहे. बोटं थरथरतात, त्यामुळे माउस तिच्याकडून धरवत नाही. ग्वाल्हेरच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत ती खोलीबाहेर फारशी पडत नाही. शाल गुंडाळून खुर्चीत बसते आणि बाबांचं गाणं लाव म्हणते. एवढीच तिची मागणी. ती नीट पुरी करायला मला जवळजवळ तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत मला जो मनस्ताप झाला तो इथे लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरी अशा जुन्या कॅसेटी आहेत त्यांना उपयोग होईल.

बाबा सरकारी नोकरीत होते, पण त्यांचा खरा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालं. तिथे ते तरुणपणी शिकले आणि पुढे एका गुरुजींकडे घरी जाऊन. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांना त्यांनी समोर बसून ऐकलेलं होतं, आणि १९८९ मध्ये पंडितजी गेले तेव्हा आमच्या घरी दोन दिवस तंबोरा गवसणीतून निघाला नाही, हे मला आठवतं. बाबांनी मैफिली केल्या नाहीत. लश्कर भागातल्या आमच्या जुन्या घरी कोजागिरीला, गुरुपौर्णिमेला बैठक व्हायची, पंधरा-वीस माणसं, मसाला दूध, आणि सतरंजीच्या मधोमध टेपरेकॉर्डर. अशा चौदा कॅसेटी. त्यातली 'कोजागिरी १९८७, हमीर' ही आईची सगळ्यात लाडकी. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं: एका बाजूला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, दुसऱ्या बाजूला द्रुत, म्हणजे जलद लयीतला, आणि तराणा.

बाबा २००९ मध्ये गेले. तीन वर्षांनी मी त्या कॅसेटी एका दुकानात देऊन त्यांच्या एमपी३ फाइली करून घेतल्या. घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला तर हमीरच्या अठरा फाइली. पाच मिनिटं झाली की एक फाइल संपली, दुसरी सुरू. राग कुठे आहे, आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, कुठे आहे, काही बघितलं नव्हतं. मी परत जाऊन विचारलं तर दुकानदार म्हणाला, "दीदी, गाना तो पाँच मिनट का ही होता है." त्याचा काही दोष काढावा असं मला वाटत नाही, त्याच्याकडे येणारे लोक सिनेमाचीच गाणी घेऊन येत असणार. वाईट एवढंच झालं की ती हमीरची कॅसेट परत आली ती फीत चुरगळून. आता या जगात बाबांचा तो हमीर त्या अठरा फाइलींत आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

आता अडचण सांगते. आधी वाटलं की सगळ्या फाइली एकदम निवडून प्लेअरमध्ये टाकल्या की एकामागून एक वाजतील आणि काम झालं. वाजल्या. पण एकनंतर दहा, मग अकरा, आणि अठरा संपल्यावर दोन. म्हणजे विलंबिताची पहिली पाच मिनिटं आणि त्यावर एकदम द्रुत. नावांमध्ये एकच्या जागी शून्य-एक लिहिल्यावर ते सुटलं. दुसऱ्या दिवशी प्लेअरने स्वतःला अपडेट केलं, पडदा सगळा बदलला, आणि शफल, म्हणजे फाइली उलटसुलट क्रमाने वाजवणं, कधी चालू झालं मला कळलं नाही. आई दुपारी एकटी होती. मी बँकेतून आले तर ती कावरीबावरी होऊन म्हणाली, "अगं, हे असं नव्हते गात. आधी द्रुत गायचे का कधी?" तिला वाटलं आपलीच आठवण दगा देते आहे. ८३ वर्षांच्या माणसाच्या मनात यंत्राने अशी शंका घालावी याचा मला फार राग आला, अजून येतो.

आणि हे सगळं निस्तरल्यावर मुख्य गोष्ट उरली होती. जोड.

तंबोरा लागला की गाणं संपेपर्यंत तो थांबत नाही. गायक श्वास घेईल, तबलजी एखादी मात्रा मोकळी सोडेल, पण षड्ज-पंचमाचं ते सूत अखंड असतं. सिनेमाच्या गाण्यांत दोन गाण्यांच्या मध्ये शांतता असतेच, तिथे अर्धा सेकंद इकडे-तिकडे झाला तरी कोणाला कळत नाही. इथे दर पाच मिनिटांनी तंबोरा तुटायचा. कापडाला कात्री लागावी तसा. पाऊण तासात आठ वेळा.

त्यातला सगळ्यात वाईट जोड तिसऱ्या आणि चौथ्या फाइलीच्या मधला. हमीर ऐकणाऱ्यांना सांगायला नको, 'ग म ध', म्हणजे गंधार, मध्यम, धैवत हे ओळीने येणारे सूर, ही त्याची ओळख. बाबांच्या बंदिशीची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, त्या धैवतावरच आहे. तिलवाडा तालाचं सोळा मात्रांचं आवर्तन, साधारण अर्ध्या मिनिटाचं, बाबा बोल-आलाप करत करत शेवटी मुखडा, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची ओळ, उचलतात, मागे कोणीतरी "हां" म्हणतं, गंधार, मध्यम, आणि फाइल संपते. मग शांतता. मग धैवत. मात्रा दोन सेकंदांची, मधे अर्धा सेकंद रिकामा, म्हणजे सम पाव मात्रा उशिरा. आईचा हात मांडीवर टाळी देत असतो, तो दर वेळी तिथे हवेत थांबायचा.

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. असं का होतं ते समजल्याशिवाय मला चैन पडेना. मुलगा पुण्याला असतो, त्याने फोनवर थोडं सांगितलं, बाकी मी वाचलं आणि कागदावर मांडून बघितलं. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. एमपी३ ते नमुने सुटे ठेवत नाही, १,१५२ नमुन्यांचा एकेक गठ्ठा बांधतं. आता पाच मिनिटांचे नमुने होतात १,३२,३०,०००. त्याला १,१५२ ने भागा. ११,४८४ गठ्ठे भरून ४३२ नमुने उरतात. अर्धा गठ्ठा चालत नाही, मग तो भरायला शांतता घालतात. शिवाय गठ्ठे बांधण्याच्या पद्धतीमुळे प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीलाही थोडा कोरा भाग येतो. दोन्ही मिळून सेकंदाचा विसावा भाग, त्याच्या आसपास. त्यात आमचा प्लेअर एक फाइल बंद करून दुसरी उघडायला वेळ घ्यायचा, की झाला अर्धा सेकंद.

सीडीला हा रोग नव्हता. तिथे गाणं सलग असतं, ट्रॅक म्हणजे नुसती खूण, मैलाच्या दगडासारखी. आणि एमपी३ वरही उपाय फार पूर्वीच निघाला आहे. लेम नावाचं एमपी३ बनवणारं फुकट सॉफ्टवेअर फाइलीत नोंद करून ठेवतं की पुढे इतके नमुने कोरे आहेत, मागे इतके, ते सोडून द्या. ती नोंद वाचली की जोड कळत नाही. पण ती वाचायची की नाही हे प्लेअर बनवणाऱ्याच्या मर्जीवर. आमच्या कॉम्प्युटरवर आधीपासून असलेला प्लेअर ती वाचत नव्हता. गाणी रंगीत चौकोनांत मांडून दाखवायला, नाचणाऱ्या रेघा दाखवायला त्याला जमतं. तंबोरा अखंड ठेवणं जमत नाही.

दुसरा एक प्लेअर घातला. त्यात आवाज आपोआप समान करायची सोय चालू होती. बाबा आलापीत आवाज बारीक करायचे, त्यांची ती खासियत होती, सगळी बैठक पुढे वाकून ऐकायची. हा प्लेअर त्या जागी आवाज वाढवायचा. फितीची सरसर वर यायची, पलीकडे कोणी कपबशी ठेवली ती घणासारखी वाजायची, आणि तान सुरू झाली की सगळं दाबून टाकायचा. म्हणजे बाबांनी जिथे हळू गायलं तिथे मोठं, जिथे मोठं तिथे हळू. सेटिंगच्या चौथ्या पानावर ती खूण सापडली आणि मी काढली. गाण्यात हळू-मोठं करणं गायकाचं काम आहे, त्यात कोणी हात घालू नये.

नावांचं दुखणं थोडक्यात सांगते, नाहीतर लिखाण लांबेल. फाइलीला राग, ताल लिहायला घरच नाही. शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष, प्रकार. मूळच्या ऐंशी प्रकारांच्या यादीत पोल्का आहे, ख्याल नाही. बाबांच्या वहीत प्रत्येक बंदिशीच्या डोक्यावर राग, ताल, लय असायचंच, त्याशिवाय ते पान पुरं मानत नसत. मी शीर्षकातच सगळं देवनागरीत लिहिलं. एका प्लेअरने त्याची प्रश्नचिन्हं केली. दुसऱ्याने डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यापुढे एक गोल चिन्ह, अशी रांगच्या रांग दाखवली. तिसऱ्यात दिसलं 'विलंबित हम' आणि पुढे एक तुटका चौकोन. त्याचंही गणित निघालं: जुन्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतल्या माहिती लिहायच्या जागेत, शीर्षकाला ३० बाइट, आणि आपलं एकेक अक्षर, एकेक वेलांटीसुद्धा, तीन बाइट खाते. 'विलंबित हमीर' होतात ३४. हमीरची दुसरी वेलांटी अर्धी लिहून जागा संपली.

शेवटी मुलाने फूबार २००० नावाचं गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. दिसायला अगदी साधं, हिशेबाच्या वहीसारखं. ते लेमची नोंद वाचतं. लावलं आणि पहिला जोड आला तो कळलाच नाही, मी घड्याळाकडे बघत होते म्हणून समजलं की पाच मिनिटं उलटली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण आठपैकी पाचच जोड गेले. तीन फाइलींत ती नोंदच नव्हती, दुकानात त्या बहुतेक दुसऱ्या कशात तरी पुन्हा बनवल्या असणार. तिसरी-चौथीचा जोड त्यातलाच.

मग ऑडॅसिटी, आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर. रात्री आई झोपल्यावर हेडफोन लावून बसायचे. दोन्ही फाइली एकापुढे एक ठेवल्या आणि जोडाची जागा मोठी करत गेले. आधी आवाजाची नुसती जाड पट्टी दिसते. मोठी करत गेलं की तिच्या लाटा होतात, आणखी मोठी केली की एकेक नमुना ठिपक्यासारखा सुटा दिसतो. मध्यमावर लाटा दाट, उंच-सखल, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, त्यांच्यावर बारीक कातरल्यासारखी. मग एकदम सपाट रेघ. मग धैवताच्या लाटा. ती सपाट रेघ निवडून काढली, दोन्ही टोकं जुळवली, ऐकलं. बारीक टक असा आवाज आला. एक लाट वर जाताना तुटली होती आणि पुढची खाली येताना सुरू होत होती. उजवीकडून आणखी थोडे नमुने काढले. पुन्हा ऐकलं. पाचव्या-सहाव्या खेपेला लाटेला लाट मिळाली. ग म ध. सम जागेवर. पुन्हा पुन्हा किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही.

बाकीचे दोन जोड त्या मानाने लवकर झाले. मग पूर्ण बाजूची एक सलग फाइल केली, आवाजातलं काही न गाळणाऱ्या फ्लॅक प्रकारात, म्हणजे निदान आता यापुढे काही झिजणार नाही. एमपी३ करताना जे गेलं ते गेलंच. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप तीच फाइल लागेल अशी सोय मुलाने केली. लाइट जाऊन आली तरी आईला हाक मारावी लागत नाही, गाणं पहिल्यापासून सुरू होतं, आणि त्याला तिची हरकत नसते. उरलेल्या तेरा कॅसेटी शाबूत आहेत. त्यांच्यासाठी एक जुना डेक मिळवला आहे, आता मी स्वतः एकेक बाजू सलग उतरवते आहे.

एक जागा मात्र तशीच आहे. विलंबिताच्या शेवटी, पंचेचाळिसाव्या मिनिटाला, बाबा तान घेऊन मुखड्याकडे वळतात आणि कॅसेटची बाजूच संपते. खट्ट. तिथे काढायला कोरी रेघ नाही. त्या रात्री कॅसेट उलटेपर्यंत जे गायलं गेलं ते कुठेच उतरलं नाही. दुसरी बाजू थेट द्रुताच्या मधून सुरू होते. मी ते दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून बघावेत का, असं आईला विचारलं. ती "नको" म्हणाली.

परवा संध्याकाळी मी दिवा लावत होते. तान आली, खट्ट झालं, आणि खोली शांत झाली. मी वळून बघितलं तर आईने डोळे मिटलेले होते, हात मांडीवर, आणि ती मुखडा पुरा करत होती. आवाज थरथरत होता. धैवत अगदी जागेवर होता.