फॉरमॅट मारूनही निळी स्क्रीन का येते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘फॉरमॅट मारलं, नवीन विंडोज टाकली, तरी निळी स्क्रीन येऊन मशीन परत बंद पडाय लागलंय की ओ, आता आणि काय राहिलं?’ बेळगावातल्या माझ्या दुकानात हा प्रश्न मराठीत येतो, कानडीत येतो, निपाणी-चिकोडीहून फोनवरही येतो.

राहिलेलं बरंच असतं. फॉरमॅटने जाते ती डिस्कवरची विंडोज. बायोस, म्हणजे मशीन चालू होताच आधी धावणारा प्रोग्रॅम, मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो आणि एसएसडीचं फर्मवेअर, म्हणजे ती डिस्क चालवणारा तिचा स्वतःचा प्रोग्रॅम, एसएसडीच्याच पोटात. तुम्ही फॉरमॅट मारलंत याचा या दोघांना पत्ताही लागत नाही.

उलट एक नुकसान होतं. विंडोज कोसळताना जमलं तर एक छोटी फाइल लिहून ठेवते. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, त्यात ती सापडते. त्या क्षणी कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, काय करत होता, हार्डवेअर चालवणारा कुठला ड्रायव्हर चालू होता, ते तिच्यात असतं. मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडते. फॉरमॅट मारलं की पुरावाच गेला. ‘कालच फॉरमॅट मारून आणलंय, एकदम क्लीन आहे’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी कपाळाला हात लावतो.

शहापुरात लग्नपत्रिकांचं डीटीपी करणारे एक काका आहेत. एका बाजूला मराठी, एका बाजूला कानडी अशा पत्रिका. ऐन लग्नसराईत त्यांचं मशीन मधेच निळं पडायचं. फॉरमॅट दुसरीकडे करून झालं होतं. मी म्हटलं, काका, आता काही पुसू नका, आहे तसं वापरा, पडलं तर पडू दे. काका वैतागले, पण डंपच्या फाइली जमल्या. एकात ‘मेमरी मॅनेजमेंट’ हा एरर, दुसऱ्यात ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. एकदा दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर, एकदा नेटवर्कच्या. दर वेळी आरोपी वेगळा निघायला लागला की ड्रायव्हर बदलत बसू नये, आधी रॅमकडे बघावं.

काकांनी कोल्हापुरातून जादा रॅम आणून घातली होती, जुनीपेक्षा वेगळ्या कंपनीची. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवरून रात्रभर लावलं. कुठलीही एकच रॅम ठेवली तर सगळं स्वच्छ. दोन्ही घातल्या की स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळींची रांग. म्हणजे रॅम दोन्ही चांगल्या. बायोसमध्ये एक्सएमपी चालू होतं, म्हणजे रॅमला पाकिटावर छापलेल्या ३२०० च्या वेगाने पळवणारी सेटिंग. तो झेपणार की नाही हे रॅम एकटी ठरवत नाही. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, बोर्ड आणि बायोस, या सगळ्यांचं जमावं लागतं. एक्सएमपी बंद करून वेग २६६६ वर आणला आणि लाल ओळी थांबल्या. पत्रिकांना तेवढा वेग पुष्कळ झाला. विंडोजला मी हातही लावला नाही.

कधी कधी तर सगळेच निर्दोष असतात आणि तरी मशीन पडतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ चं २४एच२ हे अपडेट आलं, तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या एसएसडींच्या २ टीबी मॉडेलवर निळ्या स्क्रीन सुरू झाल्या. या एसएसडींमध्ये स्वतःची डीरॅम (कामापुरती मेमरी) नसते, त्या कॉम्प्युटरच्या रॅममधला तुकडा उसना घेतात. आधीची विंडोज ६४ एमबी द्यायची, नवी २०० एमबी देऊ लागली, आणि एसएसडीच्या फर्मवेअरला ते पेललं नाही. कंपनीने नवं फर्मवेअर दिल्यावर भांडण मिटलं. तोवर कितीही वेळा २४एच२ नव्याने टाकलं असतं, तरी त्याच जागी येऊन थांबलं असतं.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधला ‘कर्नल पॉवर ४१’ दाखवून ‘हाच एरर आहे बघा’ म्हणणारेही खूप येतात. मशीन नीट बंद न होता परत चालू झालं, एवढंच तो सांगतो. का, ते नाही.

मग पुढचा प्रश्न: बायोसच अपडेट करून टाकू का? उठसूट नको. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ते खरंच गरजेचं आहे, कारण जादा व्होल्टेज रोखणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) २०२४ च्या ऑगस्टपासून बायोसमार्फतच आला. पण आधीच खराब झालेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो. बाकीच्यांनी आधी नव्या बायोससोबतची माहिती वाचावी. आपल्या तक्रारीशी जुळणारं काही त्यात असेल तरच पुढे जावं. बोर्डवर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन वाचूनच फाइल उतरवावी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर तो आधी थांबवावा, त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. नाहीतर विंडोज तीच मागत बसते. बायोस लिहिताना मधेच लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून चांगल्या बॅटरीचा यूपीएस हवाच. खानापूरकडच्यांनी हे काम जुलैच्या पावसात काढूच नये. दिवाळीनंतर बघू.