गो-कार्टची प्रगती: साखळी अखेर टिकली, ॲक्सलची योजना मात्र बदलली

गेल्या नोंदीनंतर अनेकांनी विचारले होते की मोटारसायकलचे इंजिन लावून मी बांधलेल्या गो-कार्टची साखळी पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना उतरत असे, तो प्रकार थांबला का. थांबला आहे, आणि त्यासाठी नवा ॲक्सल (दोन्ही मागची चाके जोडणारा दांडा), नवी साखळी किंवा महागडे पोलाद यांपैकी काहीही विकत घ्यावे लागलेले नाही. एरंडोलकडच्या मित्राच्या पडीक रानातला तो नाला, जिथे कार्ट दर वेळी मान टाकत असे, तो आता ती भर क्लचवरही सरळ चढून जाते. हा शोध कसा लागला ते सविस्तर लिहितो, कारण मागच्या अंगाला अखंड ॲक्सल असलेली गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे दुखणे केव्हा ना केव्हा येणारच आहे.

मांडणी आपल्याला ठाऊक आहेच: दीडशे सीसीचे मोटारसायकलचे इंजिन, त्याच्याच पाच गिअरांसह; पुढे १४ दात्यांचे आणि मागे ४२ दात्यांचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक); ४२८ मापाची साखळी; ३० मिमीचा भरीव, ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा ॲक्सल आणि तो पेलणारी दोन २०६ क्रमांकाची पिलो ब्लॉक बेअरिंगे (कवचासह येणारी, फ्रेमवर बोल्टने बसणारी), एकमेकांपासून ५६० मिमीवर. इंजिनाची साखळी डाव्या अंगाला असल्याने मागचे स्प्रॉकेट डाव्या बेअरिंगपासून २०० मिमीवर येते. गाडी उभी असताना सर्व काही सुतात होते. दोन्ही स्प्रॉकेटांना ताणलेला दोरा लावून पाहिला, सरळ पट्टी टेकवून पाहिली, दात्यांची झीज तपासली, इंजिनाच्या पायांचे बोल्ट पुन्हा आवळले. सपाट रानात तिसऱ्या गिअरमध्ये मनसोक्त पळवली तरी साखळी जागची हलत नसे; पहिल्या गिअरमध्ये चढाला लागून क्लच सोडला की मात्र खळ्ळ असा आवाज होऊन ती खाली.

त्यावर जे सल्ले आले त्यांत दोन गट होते. पहिला गट म्हणत होता की ५२० ची, म्हणजे आणखी दणकट साखळी घ्या. दुसऱ्या गटाचे म्हणणे होते की ईएन-८ ऐवजी ईएन-२४ या अधिक मजबूत पोलादाचा ॲक्सल करा, म्हणजे तो वाकणार नाही. यातला दुसरा सल्ला मला फार दिवस पटत होता, कारण पहिल्या ॲक्सलच्या वेळी एका विक्रेत्याने ईएन-८ सांगून साधी एमएस (कमी कार्बनच्या साध्या पोलादाची) सळई हाती दिली होती, ही कथा आपण वाचलेली आहे. तेव्हापासून कोणतीही सळई आणली की तिचे टोक ग्राइंडरवर धरून ठिणग्या पाहतो. साध्या एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात, तर ईएन-८ मध्ये कार्बन सुमारे ०.४ टक्के असल्याने ठिणगीच्या टोकाला बारीक फुलोरा उठतो. खात्रीच्या सळईचा तुकडा शेजारी ठेवून तुलना केली की फरक लगेच डोळ्यांत भरतो. सध्याचा ॲक्सल या परीक्षेत उतरलेला आहे.

कोडे सुटले ते लेथवर. मागच्या हबचा (चाक ज्यावर बसते तो भाग) की-वे, म्हणजे हब आणि ॲक्सल एकमेकांत अडकवणाऱ्या पोलादी चावीचा गाळा, साफ करून घेण्यासाठी ॲक्सल घेऊन गेलो, तेव्हा लेथवाल्या आबांनी तो दोन सेंटरांत धरून फिरवला आणि डायल गेजने (काट्याच्या सूक्ष्म मापकाने) पाहिला. वाक नावालाही नव्हता. मी साखळीला बोल लावू लागलो, तसे ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, साखळीना काही दोष नही. जोर लागस तवय हाऊ वाकस, मंग परत सरळ व्हस.” म्हणजे जोर लागला की ॲक्सल वाकतो आणि मग परत सरळ होतो. ते ऐकले आणि हिशोब करायला बसलो.

हिशोब असा आहे. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण १३ न्यूटन-मीटर धरला आणि प्राथमिक घट (इंजिन आणि गिअरपेटीमधली) व पहिला गिअर मिळून तो सुमारे दहा पट होतो असे मानले, तर पुढच्या स्प्रॉकेटवर १३० न्यूटन-मीटर येतात. १४ दात्यांच्या ४२८ स्प्रॉकेटची त्रिज्या २८.५ मिमी असते, म्हणून साखळीची ओढ सुमारे ४,५०० न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोंच्या वर जाते. एवढी ओढ ३० मिमीच्या ॲक्सलवर, दोन बेअरिंगांच्या मध्ये कुठेतरी लागली, तर स्प्रॉकेटपाशी तो पावणेदोन मिलिमीटर पुढे वाकतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्याचा साखळीवरचा परिणाम किरकोळ नाही. ॲक्सल पुढे सरकला की साखळीच्या दोन्ही बाजूंची लांबी जादा होते; वरची बाजू ओढीने ताणलेलीच राहते, त्यामुळे दोन्हींची मिळून साडेतीन मिलिमीटर जादा साखळी खालच्या बाजूला गोळा होते. दोन स्प्रॉकेटांतले अंतर ४०० मिमी असेल आणि मुळात १५ मिमीचा झोळ ठेवलेला असेल, तर तो एका क्षणात २७ मिमीच्या घरात जातो. क्लच झटक्याने सोडला तर ओढ याहूनही जास्त, आणि दात्यांत काळी माती अडकलेली असेल तर साखळी दात्यावर चढायला आणखी निमित्त मिळते.

आता ईएन-२४ च्या सल्ल्याकडे वळू. वजनाखाली सळई किती लवते हे पोलादाच्या ताठपणावर, म्हणजे इलॅस्टिक मॉड्युलसवर अवलंबून असते, आणि तो साधे एमएस, ईएन-८, ईएन-२४ या सर्वांत जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. महाग पोलाद घेतल्याने ॲक्सल कायमचा वाकण्याची मर्यादा वाढते, पण त्या मर्यादेच्या आत तो तेवढाच लवतो. म्हणजे ईएन-२४ वर पैसे घालूनही साखळी तशीच उतरली असती. ताठपणा हवा असेल तर दोनच मार्ग आहेत: जाडी वाढवणे, जिचा परिणाम चौथ्या घाताने होतो, किंवा आधारांमधले अंतर कमी करणे, ज्याचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो.

कागदावरचे हे गणित पटले तरी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज वेल्डिंगला हात लावायचा नाही असे ठरवले. मागची चाके ओट्याला टेकवून ठोकळे लावले, डायल गेजचा चुंबकी पाया फ्रेमवर बसवला आणि टोक स्प्रॉकेटला लागून ॲक्सलच्या मागच्या अंगावर टेकवले. मित्र सीटवर बसला, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला आणि त्याने क्लच अगदी हळूहळू सोडला. काटा सरकू लागला: अर्धा, एक, दीड मिलिमीटर, त्याच्याही थोडा पुढे. त्याच वेळी साखळीची खालची बाजू लोंबकळून फ्रेमच्या पाइपाला टेकली. क्लच दाबताच काटा जिथून निघाला होता तिथेच, शून्यावर, परत आला. एका मिलिमीटरचाही कायमचा वाक नाही. त्या परतलेल्या काट्याने सळईच्या प्रतीचा वाद कायमचा मिटवला.

उपाय म्हणून तिसरे बेअरिंग बसवले. डावे बेअरिंग आत सरकवता आले असते, पण तसे केल्यास डाव्या चाकाकडचा ॲक्सलचा मोकळा भाग वाढतो आणि गाडी उडी मारून खाली आली की सर्व आघात त्यावर येतो. म्हणून बाहेरची दोन्ही बेअरिंगे जिथल्या तिथे ठेवली आणि स्प्रॉकेटच्या उजव्या अंगाला ५० मिमीवर आणखी एक २०६ घेतले. गणिताप्रमाणे ॲक्सलचे लवणे पावणेदोन मिलिमीटरवरून एक दशांश मिलिमीटरच्याही खाली येते. प्रत्यक्षात आधाराचा पाइपही थोडा लवतो, त्यामुळे काटा ०.२ मिमीच्या आतबाहेर राहतो, आणि तेवढे साखळीला चालते.

या कामातली सर्वांत मोलाची सूचनाही आबांचीच. तिसऱ्या बेअरिंगसाठी मी फ्रेमवर एक आडवा चौकोनी पाइप टाकणार होतो. त्यांनी सुचवले की त्या पाइपापासून थेट इंजिनाच्या मागच्या पायापर्यंत ८ मिमीची पट्टी न्यावी. साखळी इंजिनाला आणि ॲक्सलला एकमेकांकडे ओढते, तेव्हा तो जोर त्या दोघांमधल्या पट्टीनेच पेलावा, अख्ख्या फ्रेमला पिळायचे कारण नाही. पट्टी बसवल्यापासून पहिल्या गिअरमध्ये सीटखाली जाणवणारी ती विचित्र थरथरही नाहीशी झाली. हा लाभ अनपेक्षित होता आणि त्याचा आनंद साखळी टिकल्याहून कमी नव्हता.

एका ॲक्सलवर तीन बेअरिंगे म्हणजे भांडण, ती एका रेषेत बसणार नाहीत, असे काही जण म्हणतील. म्हणणे खरे आहे, पण पिलो ब्लॉकमधल्या यूसी जातीच्या बेअरिंगची बाहेरची कडी गोलाकार असल्याने ते आपल्या कवचात थोडे कलू शकते. मी बाहेरची दोन आधी पक्की आवळली, तिसऱ्याची भोके लांबट केली, खाली पितळी पत्र्याचे तुकडे सारत गेलो आणि ॲक्सल बोटाने फिरवल्यावर कुठेही अडत नाही असे झाल्यावरच बोल्ट आवळले. रेसिंगच्या कार्टमध्ये ५० मिमीच्या पोकळ ॲक्सलला तीन बेअरिंगे असतातच. एक गोष्ट मात्र विसरू नये: बेअरिंगच्या आतल्या कडीचे ग्रब स्क्रू (कडी ॲक्सलवर घट्ट धरणारे बिनडोक्याचे स्क्रू) थरथरीने सैल होतात. ॲक्सलवर त्यांच्यासाठी ड्रिलने उथळ खळगी करून थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावले की प्रश्न मिटतो.

बेअरिंगांच्या बाबतीत आपण खानदेशातले लोक नशीबवान आहोत. डाळमिल, जिनिंग-प्रेसिंग आणि तेलघाण्या जिथे आहेत तिथे २०५ पासून २०८ पर्यंतची पिलो ब्लॉक कोणत्याही चांगल्या दुकानात फळीवर पडलेली असतात. शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतला व्यास मिळतो, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण उरत नाही. ऑनलाइन मागवलेले बेअरिंग स्वस्त पडते हे कबूल, पण हातात घेऊन फिरवून, कडी कलवून पाहता येत नाही. माझ्यासाठी हा मुद्दा निर्णायक आहे. एटीव्हीचे (रानात चालणाऱ्या चारचाकी बाइकचे) २२×१०-१० टायर आणि हब मात्र ऑनलाइनच घ्यावे लागले, आणि ते इकडे मिळतील ही आशा मी सोडली आहे.

साखळीसाठी आणखी एक छोटी सुधारणा केली. खालच्या बाजूला दाबरोलर बसवण्याचा विचार होता, पण रोलरच्या बेअरिंगमध्ये काळी माती शिरली की तो जाम होऊन साखळीलाच कापतो. पाइपांच्या कारखान्यांमुळे जळगावात एचडीपीई या कठीण प्लास्टिकचे तुकडे सहज मिळतात. जाड भिंतीच्या पाइपाचा एक तुकडा उभा चिरून, गरम करून सपाट केला आणि साखळीच्या खाली घसरपट्टी म्हणून लावला. त्याला वंगण लागत नाही, माती चिकटत नाही, आणि झिजला की फेकून दुसरा लावायचा. साखळी आता त्यावरून सळसळत जाते. रोलरचा बेत रद्द.

ब्रेकबाबत सांगण्यासारखे विशेष नाही. ॲक्सलवरची एकच डिस्क सध्या पुरते. रिक्षाचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) आणि रिव्हर्स गिअर बसवावा, असा आग्रह काही जण धरतात. सैल मातीत दोन्ही मागची चाके एकत्र फिरणेच मला सोयीचे वाटते; रिव्हर्स नसल्याची उणीव उतरून ढकलण्याने भरून निघते.

पुढचे काम ४० मिमीचा भरीव ॲक्सल, असे मागे जाहीर केले होते. ही नोंद लिहिताना पुन्हा आकडेमोड केली आणि तो विचार डळमळला. भरीव ४० मिमी सळईचे वजन मीटरला जवळजवळ ९.९ किलो भरते, सध्याच्या ३० मिमीचे साडेपाच. त्याऐवजी बाहेर ४० आणि आत २८ मिमी अशी जाड भिंतीची सीमलेस (बिनजोडाची) नळी घेतली, तर मीटरला ५ किलो, म्हणजे आजच्या ॲक्सलहूनही हलकी, आणि ताठपणा २.४ पट. ऐकायला फार गोड आहे. अडचण की-वेची आहे: ४० मिमीच्या शाफ्टला १२×८ ची चावी लागते आणि तिचा गाळा शाफ्टमध्ये ५ मिमी खोल जातो. नळीची भिंतच ६ मिमी. खाली उरणार एक मिलिमीटर, आणि तो पहिल्याच झटक्याला फाटणार.

तेव्हा चावीवर सगळा भार न टाकता, रेसिंग कार्टसारखे दोन बोल्टांनी आवळणारे चिरलेले हब करावे असे आता मनात आहे. चावी असेल, पण उथळ, केवळ हब फिरू नये म्हणून. वेल्डिंगने फ्लँज (चाक बसवायची चकती) जोडण्याचा मार्ग मी टाळणार आहे, कारण मध्यम कार्बनच्या पोलादाला वेल्डिंगआधी नीट तापवले नाही तर जोडाशेजारीच तडा जातो आणि आमच्याकडे तापमान मोजण्याची सोय नाही. तोपर्यंत ३० मिमीचाच ॲक्सल राहील, आणि जमीन पुरती वाळल्यावर दुसऱ्या गिअरमध्येही तोच नाला चढवून डायल गेज पुन्हा लावणार आहे. ४०×२८ ची सीमलेस नळी दीड मीटरच्या तुकड्यात, अख्खी लांबी न घेता, धुळे, मालेगाव किंवा इंदूरकडे कोणी कापून देत असेल तर अवश्य कळवावे. तसेच चिरलेल्या हबसाठी भोक किती सैल ठेवले आणि किती बोल्ट वापरले, हे ज्यांनी ते प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून मापांसह हवे आहे.