मोर दिसला का?

"मोर दिसला का रे आज?"

पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या चढावर पळताना समोरून येणाऱ्या आजोबांनी विचारलं. कानटोपी, हातात काठी, पायात मात्र नवे कोरे झकास बूट. उत्तर द्यायचं होतं, पण तोंडातून नुसतं "हं" निघालं.

"हं काय? एवढंही बोलवत नसेल तर जरा हळू पळ की!" आणि गेले पुढे.

पुणेरी सल्ला, न मागता मिळालेला. पण दिवसभर डोक्यातून जाईना. कारण कोच लोकही हेच सांगतात, सोप्या पळण्यात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

पावसाळाभर बंद पडलेलं पळणं सुरू केलं की आपण हटकून जुना वेग गाठायला जातो. दम काही आठवड्यांत परत येतो हो, पण नडगी आणि टाचेमागची शीर सावकाश सरावते. मग पाय धरतो आणि पुन्हा सुट्टी. जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेला माणूस, त्यानेसुद्धा लोकांना मध्ये मध्ये चालायलाच शिकवलं. आपल्याला मात्र चालताना कोणी पाहिलं की ओशाळल्यासारखं होतं. मोबाइलमधलं अ‍ॅप तर महाआगाऊ, गेल्या वर्षीचा वेळ लगेच काढून दाखवतं.

तर आता बरोबर पळायला बडबडं माणूस हवंय. रविवारी सकाळी सहाला तळजाईला कोण येतंय? वेग बेताचा, गप्पा भरपूर, नंतरचे पोहे माझ्याकडून.