तिसऱ्या पिस्टनचं वजन

वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी गाडी टेम्पोवरून उतरवली तेव्हा तिचा एअर फिल्टर जागेवर नव्हता. मालकाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र तिथेच कळलं, की आतला एखादा सिलिंडर गंजून जाम झालेला असणार. चार सिलिंडरचं इंजिन कसंही थांबलं तरी कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्यात कार्बोरेटरचं तोंड उघडं आणि बाहेर कोल्हापूरचा पावसाळा. दमट हवा वर्षानुवर्षं त्याच एका वाटेने आत जाते.

दुसरं इंजिन टाका, असं मला सगळ्यांनी सांगून झालं. मुंबईच्या टॅक्सी भंगारात निघत होत्या तोवर ते जमायचं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथली पद्मिनी टॅक्सी कायमची बंद झाली. शिवाय ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनचं धड, बदलला की इंजिन नंबर बदलतो आणि आरसीवर नवा नंबर चढवेपर्यंत आरटीओच्या पायऱ्या झिजवायच्या. गाडी १९७९ ची, मालकाच्या वडिलांनी घेतलेली. मालकाला हाच ब्लॉक हवा होता.

घराखालच्या गॅरेजात गर्डरला चेन पुली आहे, तिच्यावर इंजिन उतरवलं. हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, ते धरणारे स्टड लोखंडी. दोघांचा गंज एकमेकांत शिरला की हेड वर यायचं नाव घेत नाही. त्यातच बराच वेळ गेला. हेड निघालं आणि अंदाज खरा ठरला. तिसऱ्या सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा, पिस्टन मधोमध अडकलेला, वरच्या भिंतीला लाल पोपडे.

हल्ली मोबाइलवर बघून येणारे सांगतात, अडकलेला पिस्टन सोडवायला गिअरचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं ओता. ओततो मीही. पण ते दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत हे कुणी सांगत नाही. दर वेळी बाटली हलवून ओतावं लागतं आणि वरून झाकावं लागतं, नाहीतर ॲसिटोन उडून जातं. गॅसची टॉर्च मी जवळ येऊ देत नाही. बिडाचा ब्लॉक एका बाजूने तापवला की तडकतो, मग बसा नंबर घेऊन.

खालून चारही रॉडच्या कॅप काढल्या, बाकीचे तीन पिस्टन वर ढकलले, क्रँक बाहेर घेतला. तिसऱ्यासाठी बाभळीचा ठोकळा तासला. आधी वरून खाली, अगदी हलके ठोके. इथे कानावर काम चालतं. पिस्टन धरून असतो तोवर घाव ठण वाजतो. सुटायला लागला की आवाज बसका होतो. तो बसका आवाज आल्यावर वरचा गंज पॉलिश पेपरने साफ केला आणि मगच पिस्टन खालून वर काढला.

ब्लॉकचा माथा धुतल्यावर तिसऱ्या बोअरभोवती, म्हणजे सिलिंडरच्या भोकाभोवती, एक बारीक गोल रेघ दिसली. स्लीव्ह! याआधी कुणीतरी हा एकच सिलिंडर आतून स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, घालून मूळच्या ६८ मिलिमीटरवर आणला होता. पिस्टनही वेगळ्या कंपनीचा. आत बघितलं तर स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराच्या, काठाला आणि पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनच्या बाजूला कानशीच्या रेघा. चौघांना काट्यावर ठेवलं. तिसऱ्याचा आणि बाकीच्यांचा फरक एका ग्रॅमच्याही आत.

त्या काळात सुटा पार्ट मिळेल तो घ्यायचा. मिळालेला पिस्टन जड असणार, आणि वजनं जुळली नाहीत तर इंजिन थरथरतं, म्हणून त्याने कानशीने घासून वजन उतरवलं. पण माझ्याकडे आज स्वस्तातला डिजिटल काटा आहे, त्या माणसाकडे काय होतं? गुजरीत एखाद्या सोनाराकडे पिस्टन घेऊन गेला असेल का? मालकाला विचारलं. वडील गाडी शहराबाहेर कुठे दाखवत नव्हते, एवढंच त्यांना ठाऊक.

उद्यमनगरातला बोरिंगवाला म्हणाला, "वस्ताद, चारी बोअर मोठे मारून टाकूया की. एकासाठी कशाला जीव काढताय?" हिशेबाने त्याचं बरोबर होतं. ओव्हरसाइज पिस्टनचा सेट मिळतो, वजनं जुळलेली येतात, काम लवकर सुटतं. पण बाकीचे तीन बोअर मायक्रोमीटरवर चांगले निघाले. चांगलं लोखंड उगाच कापणं मला पटत नाही. तिसऱ्यालाच नवी स्लीव्ह दाबून घेतली, बाकीच्यांना फक्त होनिंग, म्हणजे आतून हलकी घासणी.

जुन्या तिसऱ्या पिस्टनचे रिंगचे गाळे गंजाने खाल्लेले, तो वाचला नाही. ओळखीच्या दुकानाच्या माळ्यावर स्टँडर्ड साइजचा एक सुटा मिळाला, तो नऊ ग्रॅम जड. मग मीही कानस घेतली. जुना पिस्टन समोर ठेवून, जुन्या मिस्त्रीने जिथून माल काढला होता तिथूनच काढला. गजन पिनच्या वर हात लावला नाही. त्यानेही लावला नव्हता. थोडं घासायचं, फुंकायचं, काट्यावर ठेवायचं.

चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनात नऊ ग्रॅमने काय झालं असतं? मालकाला बहुतेक कळलंही नसतं. जुन्या मिस्त्रीलाही हे माहीत असणार, आणि तरी त्याने ते केलं.

गाडी सुरू झाली, ऑइल प्रेशर ठीक आहे. मालकांनी सीट कव्हर आणि रंगाचे पैसे न कुरकुरता दिले. लोकांचं असंच असतं, जे दिसतं त्याचा भाव पटतो. बिलातल्या एका ओळीवर मात्र बोट ठेवलं : "हे पिस्टन वजन जुळवणी म्हणजे काय हो?"

मी जुना पिस्टन काढून रेघा दाखवल्या. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण याचे वेगळे पैसे?"

ती ओळ मी खोडली. आधीच्या मिस्त्रीने मुळात लिहिली होती की नाही, कोण जाणे.