दीड एकर मका, एक मशीन, तीन ट्रॅक्टर

गोठ्यात बारा दुभत्या संकरित गायी आणि मार्चनंतर हिरव्या चाऱ्याची बोंब, हे आमच्याकडे प्रवरेच्या पट्ट्यात दरसाल ठरलेलं. साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप थांबलं, की वाढं (उसाचे शेंडे) संपतं, लसूणघास पुरत नाही आणि विकतचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, परवडत नाही. घरी करायचा तर विळ्याने मका कापा, डोक्यावर वाहा, कुट्टी मशीनमध्ये पेंढी पेंढी सारा. एवढे मजूर आता मिळतात कुठे? म्हणून ट्रॅक्टरला जोडायचं एका ओळीचं मका हार्वेस्टर घ्यायचं ठरवलं. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतं, उभा मका बुडातून कापून तिथंच कुट्टी करतं आणि नळ्यातून मागच्या ट्रॉलीत फेकतं.

अनुदानाचं थोडक्यात सांगते. सातबारा माझ्या नावावर, म्हणून सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज मीच केला. ट्रॅक्टर यांच्या नावावर आहे, पण कुटुंबातल्या कुणाचंही आरसी बुक चालतं. यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिलांना आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमतीचं पत्र हातात पडेपर्यंत मात्र विक्रेत्याकडून बिल करू नका, आधीच्या तारखेचं बिल धरत नाहीत. ज्या मॉडेलवर डोळा आहे त्याचा सरकारमान्य तपासणी अहवाल आहे का, तेही आधी विचारून घ्या. खरेदीनंतर बिल अपलोड करायचं, सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) येऊन मशीन बघून जातात आणि रक्कम आधार जोडलेल्या खात्यात येते. यायला वेळ लागतो, तोवर सगळा पैसा आपलाच अडकलेला असतो.

विक्रेता म्हणाला, "ताई, तासाला पंधरा टन कापतं बघा!" कापत असेलही. पण कापून टाकलेला मका दाबणार कोण? मुरघास टिकतो तो हवा निघाल्यामुळे, आणि हवा निघते वजनाने. दाबणाऱ्या ट्रॅक्टरचं वजन किलोत घ्यायचं आणि 400 ने भागायचं, तासाला तेवढेच टन नीट दाबले जातात. आपला 45-50 एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे तासाला पाच टन. मशीनने पंधरा ओतले तर दहा टन नुसते ढिगाने पडून तापणार. हे गणित मशीन विकणारा सांगत नाही, आणि बहुतेकांचा मुरघास इथेच बिघडतो असं माझं मत आहे.

दोन भिंतींमध्ये मुरघास भरायची जागा म्हणजे बंकर, त्याचं मापही असंच अडून बसलं. रोज समोरची मुरघासाची आख्खी भिंत निदान पाच-सहा इंच तरी मागे सरकली पाहिजे, नाहीतर उघड्या तोंडाला बुरशी धरते. म्हणजे गायी कमी तर तोंड लहान हवं. पण ट्रॅक्टर आत फिरवायचा तर आठ फुटांपेक्षा अरुंद करून चालत नाही. शेवटी आठ फूट रुंद, चार फूट उंच आणि पन्नास फुटांना थोडा कमी लांब असा बंकर बांधला, दोन्ही टोकांना उघडा, म्हणजे ट्रॅक्टर एका बाजूने चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. बारा गायींना वीस किलोप्रमाणे रोज 240 किलो, म्हणजे रोज पाच इंच निघतो. जेमतेम जमलं. पाच-सहा गायीवाल्याने बंकरच्या नादी लागू नये, बॅगाच भराव्यात.

रब्बीचा मका होता. कणीस मधोमध मोडलं की दाण्यावर पिवळा टणक भाग आणि पांढरा चिकाचा भाग यांच्यामध्ये रेघ दिसते. ती निम्म्याच्या खाली सरकली की कापणीला यायचं. शिवाय कुट्टी मुठीत घट्ट दाबून बघायची. पाणी गळलं तर ओली आहे, मूठ उघडताच भुरभुर सुटली तर वाळली. गोळा हळूहळू उमलला की बरोबर.

शेतात मशीन घालण्याआधी दोन कामं हातानेच करावी लागतात. बांधाकडच्या ओळी आणि वळायची जागा विळ्याने मोकळी करायची, नाहीतर ट्रॅक्टरच उभा मका तुडवत जातो. दुसरं म्हणजे ठिबकच्या नळ्या आणि त्यांच्या खुंट्या गोळा करायच्या. आम्ही सगळ्या नळ्या गुंडाळल्या, तरी मातीत दबलेली एक लोखंडी खुंटी पात्यांपर्यंत गेलीच. खणखण आवाज आला तसे दीर ओरडले, "वहिनी, लांब व्हा!" आणि आधी पीटीओ, मग इंजिन बंद केलं. रोटर पूर्ण थांबल्यावर झाकण उघडलं. एका पात्याच्या धारेला नखाएवढा खळगा पडला होता. तेवढं पातं बाहेर काढून दगडावर घासलं, पुन्हा कसलं आणि स्थिर पट्टीशी अंतर जुळवलं. अंतर वाढलं की कुट्टी कापली न जाता चिंध्या होऊन येते, आणि अशी कुट्टी दाबली जात नाही. एक-दोन सेंटीमीटरचा तुकडा हवा. अडकलेलं काढायला पीटीओ चालू असताना हात घालणारे लोक मी पाहिलेत. त्यांना काय म्हणावं, देवच जाणे.

ट्रॅक्टर तीन लागले. कापायला आमचा, ट्रॉली ओढायला शेजारच्यांचा आणि दाबायला चुलत सासऱ्यांचा. सगळी सावड, पुढच्या आठवड्यात आमचं मशीन त्यांच्या मक्यात. ट्रॉली हायड्रॉलिक असल्याने उलटी करायला माणसं लागली नाहीत, पण ढीग सपाट पसरायला चार जण फावडी-दाताळी घेऊन उभेच होते. अर्ध्या फुटाचा थर झाला की ट्रॅक्टर मागेपुढे, भिंतीलगत जास्त वेळा, कारण हवा कडेला राहते. बंकरकडून "थांबा" असा फोन आला की शेतातलं मशीन उभं करायचं, हा एकच नियम ठेवला होता. ह्यांना तो सकाळी पटत नव्हता, दुपारी पटला.

दीडेक एकरातून बंकर भरला, अंधार पडायच्या आत. वर मुरघासाचा कागद पांढरी बाजू वर करून, त्यावर वाळूच्या गोण्या एकाला एक चिकटवून. दीड महिना हात लावला नाही. उघडला तेव्हा रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबूस.

काढण्यासाठी शेजाऱ्यांनी लोडर देऊ केला होता. मी नको म्हटलं. बकेट खालून घुसवून वर उचलली की आतली भिंत हलते, भेगा पडतात आणि भेगांतून हवा शिरते. परदेशात ठोकळा कापून काढणारी अटॅचमेंट लोडरला लावतात, कापलेली भिंत तशीच उभी राहते. बारा गायींसाठी तो खर्च कशाला? आम्ही धार लावलेल्या फावड्याने वरून खाली सरळ उतरवतो आणि त्या दिवसाचं त्याच दिवशी घमेल्यांनी गव्हाणीत. सुरुवातीचे आठ-दहा दिवस पाच किलोपासून वाढवत नेलं. कागदाच्या कडेला जिथे बुरशी दिसते तेवढा भाग उकिरड्यावर, गाभण गायींच्या तर आसपासही नाही.